शेंगा कोणी खाल्ल्या?

वर्टीकर सर मुख्याध्यापकाच्या खुर्चीतून निवृत्त झाले, पण हातातली छडी काही सुटली नाही. शेजारची शैला त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. तिनं परसात हौसेनं शेवगा लावला, पाणी घालून वाढवला, आणि फांद्या मात्र भिंतीवरून सरांकडे झुकल्या. सर आकडी घेऊन शेंगा उतरवू लागले. "भिंतीच्या अलीकडे आलं ते आपलं," असं वर ठणकावलंही. उन्हाळाभर सरांच्या बायकोच्या आमटीत शेंगा आणि शैलाच्या आमटीत नुसती डाळ.

पावसाळ्यात त्याच फांद्यांवरून केसाळ सुरवंट सरांच्या वाळत घातलेल्या बंडीवर उतरले. सर अंग खाजवत भिंतीशी आले.

"शैला, तुझ्या झाडाचे सुरवंट आत्ताच्या आत्ता उचल! नाहीतर झाडच तोडायला लावीन!"

शैला शांतपणे म्हणाली, "सर, शाळेत दरवर्षी टरफलांची गोष्ट तुम्हीच सांगायचात ना? मग ऐका. मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी सुरवंट उचलणार नाही!"

त्या गोष्टीवर सरांनी जन्मभर टाळ्या घेतल्या होत्या. आजही टाळी पडली, पण ती त्यांच्याच स्वयंपाकघरातून.