एकवीस नंबरचं झाड

"…पण मी तर रोज पाहत होतो, महाराज. एक दिवस चुकवला नाही. मग हे झालं कसं?"

मंगलगीर महाराज धुनीपुढे बसले होते. त्यांनी एक लाकूड थोडं आत सरकवलं.

समोर मुरलीधर बडगुजर उभा होता. कॉलेजच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं काढून चार वर्षांपूर्वी मठात आलेला. अंगात पांढरा सदरा, खिशात भिंग, काखेत वही.

मठ सातपुड्याच्या पायथ्याशी. मागच्या अंगाला तारेचं कुंपण आणि कुलूप. आत भांगेची तीस झाडं, औषधासाठी परवाना काढून लावलेली. दुखण्यानं ज्यांची झोप उडाली आहे अशांना महाराज त्या पानांचं चूर्ण देत. बी त्यांच्या गुरूंनी दिलेलं होतं. दरवर्षी थोडं पेरायचं, थोडं मडक्यात राखायचं. असं बावन्न वर्षं चाललं होतं.

यंदा महाराज म्हणाले होते, "आता मळा तुझा."

मुरलीधर म्हणाला होता, "मग थोडं थोडं कशाला? सगळंच पेरू. त्यातली उत्तम झाडं निवडू. नोंदी ठेवू."

महाराजांनी मडकं त्याच्या हातात दिलं होतं. त्यानं ते पालथं केलं. उगवलेल्या रोपांतली जोमदार तीस ठेवली, बाकीची उपटली. प्रत्येक झाडाला पत्र्याचा नंबर बांधला.

आता ती तीसही झाडं वाळत होती. फुलोरा यायच्या आत. आणि मडकं रिकामं होतं.

"मला वाटतं…" मुरलीधर बोलू लागला.

"काय आहे ते?" महाराजांनी विचारलं.

मुरलीधरचा चेहरा जरा उजळला. हे त्याला येत होतं.

"लाल कोळी. मावा नाही, फुलकिडे नाहीत. लोक किडा म्हणतील, पण हा किडाच नाही. आठ पाय आहेत. पानाखाली पांढरा कागद धरायचा आणि पान झटकायचं. कागदावर तिखटाच्या कणाएवढे ठिपके पडतात. ते चालायला लागले की समजायचं. पानावर आधी रवा सांडल्यासारखे डाग येतात, मग जाळी धरते. पाऊस ओढ देतो तेव्हा हा वाढतो. मी तिसऱ्या दिवशी ओळखला, महाराज. तिसऱ्या!"

"ओळखलास."

"हो."

"मग?"

"निंबोळीचा अर्क मारला. साबणाचं पाणी मारलं. तंबाखूचा काढा मारला. पानाखालून मारला, सगळे वरून मारतात तसा नाही. रोज प्रत्येक झाडाची पाच पानं उलटून कोळी मोजले. सगळं वहीत आहे."

सुंदरबाई पाण्याची कळशी घेऊन चालली होती. मठाचा स्वयंपाक आणि झाडांचं पाणी तिच्याकडे होतं. ती थांबली.

"इतकं कुणी रोज सकाळी माझ्या तोंडाशी भिंग धरलं असतं ना मुरलीभाऊ, तर मीसुद्धा पिवळी पडले असते."

"सुंदरबाई, तुम्हाला कळत नाही त्यात बोलू नका."

"नाही बाई कळत. मी आपली बुडाशी पाणी ओतते आणि येते."

महाराज हसले नाहीत.

"मुरली, आजची फेरी झाली?"

"नाही अजून. आता फेरी करून तरी काय…"

"हात पुढे कर."

महाराजांनी धुनीतली निवलेली राख ओंजळभर घेतली. त्याच्या दोन्ही तळव्यांना चोळली. मनगटांना चोळली. मग पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्यांनाही.

मुरलीधरचे डोळे भरून आले. त्याला तो आशीर्वाद वाटला.

"जा. रोज करतोस तशीच कर."

तो गेला. रोज करायचा तशीच त्यानं फेरी केली. पाच पानं उलटायची, भिंगातून पाहायचं, मोजायचं, लिहायचं, पुढचं झाड. तासाभरानं परत आला.

"तीसच्या तीस. एकही सुटलं नाही."

"चल," महाराज म्हणाले. सुंदरबाईच्या खांद्याचा आधार घेऊन ते कुंपणापर्यंत चालत आले. आत गेले नाहीत. "आता झाडांकडे बघ."

मुरलीधरनं पाहिलं.

पानापानावर राखेची बोटं उमटली होती. काही झाडांवर ठळक, काही झाडांवर फिकट. पण तीसच्या तीस झाडांवर.

तो बघत राहिला…

"सुरुवात कुठून करतोस?"

"एकवीसपासून." त्यानं त्या झाडाकडे बोट केलं. "तिथं आधी लागला ना. त्याची मोजणी आधी घ्यावी म्हणून… सर्वांत आधी एकवीस. मग पहिल्या रांगेत जातो. एक, दोन, तीन…"

"वही उघड."

त्यानं उघडली. पानं उलटताना राख अक्षरांवर पडत होती.

"एकवीसनंतर कुठं लागला?"

"एक नंबरला."

"एकवीसच्या शेजारी कोण आहे?"

"बावीस."

"त्याला?"

"बारा दिवसांनी." तो थांबला. "मी इथं लिहिलंय… 'आश्चर्य. कोळी शेजारच्या झाडावर न जाता तीस पावलं लांब गेला. वाऱ्यानं? मुंग्यांनी? शोध घेणे.'"



त्यानं ओळींवर बोट ठेवून वाचलं. एक. दोन. तीन. चार. रांग जशी तो चालला होता तशीच होती. कोळ्यांनी एकही पाऊल चुकवलं नव्हतं.

तो मटकन खाली बसला.

"तीन महिने…" तो म्हणाला. "तीन महिने मीच…"



"तुम्हाला माहीत होतं?"

"काल कळलं. तू पाया पडलास तेव्हा. माझ्या धोतरावर लाल ठिपका चालत होता."

"आधी का नाही दिसलं तुम्हाला?"

"मी रोज तिथून बघायचो." महाराजांनी धुनीकडे हात केला. "तुलाच बघायचो. किती मन लावून करतो म्हणून…"

 सुंदरबाईनं पदर तोंडाला लावला.

मग तीच म्हणाली, "एक आहे."

"काय?"

"पाण्याच्या टाकीमागं एक झाड उगवलंय. पेरणीच्या दिवशी बी पाखडलं, तो कोंडा मी तिथं झाडला होता. कमरेएवढं झालंय. हिरवंगार आहे."

मुरलीधर उठला. "आणि मला सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही त्याला नंबर बांधला असता."

तो दोन पावलं धावला. थांबला. हातांकडे पाहिलं. हात मागं घेतले.

"एकच?"

"एकच."

तो पुन्हा खाली बसला. भांगेत नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं. हे महाराजांना माहीत होतं, सुंदरबाईलाही माहीत होतं.

"नर असलं तर बी धरणार नाही," तो म्हणाला. "मादी असली तर… नर कुठून आणू?"

महाराजांनी मान हलवली. "कुठूनच नाही. बाहेरचं आणलं तर ते गुरूंचं बी नव्हे."

"म्हणजे संपलं."

महाराज धुनीकडे परत गेले.

मुरलीधरनं दुपारभर झाडं उपटली. खड्डा खणून त्यात टाकली. पत्र्याचे नंबर सोडून घ्यायला तो विसरला, तेही त्यात गेले. सुंदरबाईनं माती लोटली. शेवटी त्यानं वहीसुद्धा खड्ड्याकडे नेली होती, पण तिनं हात धरला. "राहू द्या. एवढी एकच खरी गोष्ट उरलीय."

ऊन उतरल्यावर तो आंघोळ करून आला. सदरा नव्हता, जुनं धोतर होतं. रोजच्यासारखा पाया पडायला वाकला आणि मध्येच थांबला. चार हात लांबून हात जोडले.

महाराजांनी त्याला जवळ बोलावलं नाही.

"महाराज… टाकीमागं जाऊन येऊ? हात धुतलेत. कपडे बदललेत. भिंगसुद्धा उकळत्या पाण्यातून काढलंय."

"कशाला?"

"त्याला काही झालंय का, बघतो."

धुनीतलं लाकूड जळत होतं. महाराज त्याच्याकडे पाहत राहिले. इतका वेळ, की मुरलीधरची मान खाली गेली.

"आणि काही झालं नसलं, मुरली…" महाराज म्हणाले, "तर चालेल ना तुला?"