धुळबा जागल्यानं जपलेला ठसा

पेशवाईच्या काळात आंबखळ नावाच्या एका गावात एक भोळा जागल्या होता. त्याचं नाव धुळबा. गावात चोरी झाली की चोराच्या पावलांचा माग काढायचा, हे जागल्याचं काम. काम धुळबाच्या नावावर होतं. करायची त्याची बायको, गोजराबाई. काठी त्याची, डोळे तिचे.

गोजराबाई मोठी धीट बाई. वाटेवरून शेळी गेली की मेंढी, ती चालता चालता सांगे. एकदा पाटलासमोर पदर खोचून उभी राहिली आणि ऊस तुमच्याच भावानं मोडला म्हणून तोंडावर सांगून आली. गावातले पुरुष तिला वचकून असत. धुळबा वचकत नसे. कशाला वचकायचं हेच त्याला कळत नसे.

या कामातली एकच गोष्ट धुळबाला पाठ होती. त्याच्या बापानं ती मरताना त्याच्याकडून दहा वेळा घोकून घेतली होती. माग ज्याच्या दारात जाईल, त्यानं चोरीचा जाब द्यायचा. माग शिवेपलीकडं गेला, तर पलीकडच्या गावानं जाब द्यायचा. आपलं काम तिथं संपलं. हे तो भेटेल त्याला सांगे. लग्नाच्या पंगतीत बसूनही सांगे.

तर एके दिवशी सकाळी जाखाई देवीची नथ गेली. यात्रा दोन दिवसांवर आलेली. देवळाची किल्ली एकट्या सटवा गुरवाकडं. पाटलाच्या हाताखालचा कुसाजी चौगुला सगळ्यांत आधी ओरडला, "गुरवानंच घेतली! दिव्य करा!"

दिव्य म्हणजे काय, तर उकळत्या तेलात हात घालून तळाची अंगठी काढायची. हात भाजला तर तो चोर. आजवर ज्यानं ज्यानं हात घातला, त्याचा त्याचा भाजला होता. सटवा गुरव सत्तरीचा. याच हातांनी त्यानं पन्नास वर्षं देवीला न्हाऊ घातलेलं. तो आपल्या हातांकडं बघत मटकन खाली बसला.

गोजराबाई पुढं झाली. "पाटील, दिवस मावळेपर्यंत थांबा. चोर मी दावते."

"आन न्हाई दावलास तर?" कुसाजीनं विचारलं.

"तर गुरवाच्या आधी माजा हात तेलात."

पाटलानं मान डोलावली. मग सगळ्यांनी देवीच्या उंबऱ्यावर डोकं टेकून, नथ आपण घेतली नाही म्हणून शपथ घेतली. कुसाजीनं डोकं टेकवलं नाही. एका हातानं पागोटं धरून त्यानं लांबूनच नमस्कार केला. गोजराबाईनं ते पाहिलं. 

देवळामागं झरोक्याखाली मऊ धुळीत तिला एक ठसा सापडला. उजव्या वहाणेचा. टाचेला चंद्रकोरीसारखं ठिगळ. ती धुळबाला म्हणाली, "मी पंचांना घिऊन येते. हितली धूळ उडू देऊ नका."

ती पंचांना घेऊन आली. धुळबानं दोन घागरी पाणी आणून झकास सडा घातला होता. ठशाच्या जागी चिखल.

"आवं, ह्ये काय केलंत?"

"धूळ उडंल का आता? बघ की. एक कण उडायचा न्हाई."

गोजराबाईनं कपाळावर हात मारला. "आवं, ठसा जपायचा म्हंजे त्याच्यावर पाटी पालथी घालायची. वर दगूड ठिवायचा."

"असं व्हय? पुढच्या खेपंला तसंच करीन."

मग कळलं की ठकू म्हातारीनं पहाटे देवळामागून कुणाला तरी जाताना पाहिलंय. म्हातारी तिखट. पाटलासमोरच बोलेन म्हणाली. गोजराबाईनं तिला चावडीच्या ओट्यावर बसवलं आणि धुळबाला म्हणाली, "मी पाटलांना बोलावते. तवर हिला जपा."

ती पाटलांना घेऊन आली. ओट्यावर म्हातारी नव्हती. कोंबड्या झाकायचं एक मोठं डालं पालथं पडलेलं होतं. वर पाट्याएवढा दगड. आतून शिव्या येत होत्या.

"जपलीया," धुळबा म्हणाला. "पाटीत मावंना, म्हणून डालं घातलं."

म्हातारी बाहेर आली. केसांत पिसं. म्हणाली, "आता यम आला तरी मी बोलायची न्हाई." आणि खरंच नाही बोलली. पुढं बारा वर्षं नाही बोलली.

गोजराबाईला रडावं की हसावं कळेना. "आवं, साक्षीदाराशी गोड बोलावं. म्होरं गूळ ठिवावा. पाठीवरनं हात फिरवावा. मग त्यो पोटातलं सांगतो."

"असं व्हय? पुढच्या खेपंला तसंच करीन."

दुपार झाली. तिकडं तेलाची कढई घासायला घेतली होती. गोजराबाईनं ओढा धुंडाळला, तेव्हा चिखलात रुतलेली एक वहाण मिळाली. डाव्या पायाची. पळताना चोराच्या पायातून निघालेली. तिनं ती धुळबाकडं दिली. "ही आपली साक्षीदार समजा. मी उजवीचा माग बघून येते."

ती परत आली. धुळबा वहाणेपुढं गुळाचा खडा ठेवून बसला होता. तिच्या पाठीवरून हात फिरवत होता. "सांग गं बाई. भिऊ नगंस. कुणाची तू?"

वहाण काही बोलली नाही. पण गुळाच्या वासानं पाटलाचं कुत्रं आलं. त्यानं गूळ खाल्ला आणि वहाण उचलून पोबारा केला. नवराबायको गावभर कुत्र्यामागं. तिसऱ्या गल्लीत कुत्रं दमलं, तेव्हा वहाण मिळाली.

"आवं, आता हात जोडते तुमच्यापुढं," गोजराबाई धापा टाकत म्हणाली. "असली वस्तू अंगावेगळी करायची न्हाई! आन उजवी कुटं गावती का बघा."

"असं व्हय?" धुळबा म्हणाला. "मग आत्ताच तसं करतो." आणि त्यानं वहाण पायात घातली.

पण एका वहाणेनं नीट चालता येईना. मग तो दारोदार फिरला. "ह्या वहाणंची जोडीची हाय का कुणाकडं?" लोक हसले. कुसाजी चौगुला दुपारचं ताट तसंच ठेवून ओसरीवर बसला होता. तो हसला नाही. ठिगळाची वहाण कुठं लपवावी, या काळजीनं त्याला सकाळपासून घास गिळवला नव्हता. तो आत गेला आणि उजवी वहाण घेऊन आला.

"घाल बाबा. तुलाच शोभती. आन आधी देवळाम्होरनं जा, देवीच्या पाया पड."

धुळबा देवीच्या पाया पडला. मग घरी गेला. भाकरी खायची राहिली होती.

दिवस कलला. कढईखाली जाळ लागला. गुरवाची सून देवळाच्या पायरीवर डोकं आपटून रडत होती. तेवढ्यात गोजराबाईला देवळासमोर ठसा दिसला. ताजा. उजवी वहाण, टाचेला चंद्रकोर!

"पाटील, चला माज्या मागं!"

पाटील निघाले. पंच निघाले. कुसाजी सगळ्यांच्या पुढं. "चला, चला! माग सोडू नका!" माग पारावरून वळला. विहिरीपाशी वळला. गोजराबाईची मान खाली, नजर ठशावर. एकदाची मान वर केली, तर समोर तिचंच दार.

मग कुसाजीनं टाळी वाजवली. "माग ज्याच्या दारात, त्यानं जाब द्यायचा! गोजराबाई, हात म्होरं कर. तेल तापलंया."

तेवढ्यात दार उघडून धुळबा बाहेर आला. पायात वहाणांचा जोड, हातात अर्धी भाकरी. कुसाजीला बघून तो खुलला.

"या, या, चौगुले! बरी झाली जोडीची दिलीत. पायाला झकास बसती." त्यानं कुसाजीला ओसरीवर बसवलं, पुढं गुळाचा खडा ठेवला आणि पाठीवरून हात फिरवायला लागला. "आता पोटातलं सांगा."

कुसाजी घामानं भिजला. गोजराबाईनं पदर खोचला.

"चौगुले, सकाळी देवीम्होरं डोकं का न्हाई टेकलंत? पागोटं उतरा."

"बाईमाणसानं पागोट्याला हात घालायचा? पाटील, सांगा हिला!"

पाटलांनी सांगेपर्यंत गोजराबाईनं काठीच्या टोकानं पागोटं उडवलं होतं. त्याचा वेढा सुटला. आतून नथ टपकन गुळाशेजारी पडली.

"गुरवाला थांबवा!" पाटील ओरडले. तिकडं दिवस मावळत होता आणि तेल उकळत होतं. नथ घेऊन पाटील धावले, पंच धावले. गोजराबाई सगळ्यांच्या पुढं धावली. जाता जाता ओरडली, "धनी, चौगुल्याचा हात सोडू नका!"

देवळासमोर सटवा गुरवाच्या बाह्या वर सारलेल्या होत्या. गोजराबाईनं लाथेनं कढई लवंडली. म्हाताऱ्यानं नथ दोन्ही हातांत घेतली. त्याच हातांनी त्यानं ती देवीला घातली. सगळ्या गावाचे डोळे भरून आले. पाटलांनी गोजराबाईला आपल्या अंगावरची शाल दिली. आज धुळबाची चूकसुद्धा कामाला आली, असं म्हणत ती हसत घरी आली.

ओसरीवर धुळबा भाकरीचा राहिलेला तुकडा खात होता. एकटाच. अनवाणी.

"चौगुला कुटं हाय?"

"शिवेपलीकडं."

"म्हंजे? हात सोडू नका म्हटलं हुतं न्हवं?"

"न्हाई सोडला. त्ये म्हणाले, मला शिवेपर्यंत जायाचंय. मी हात धरूनच गेलो. वाटंत काटे लई, म्हणून वहाणा मागितल्या. त्यांच्याच हुत्या, दिल्या. शीव आली तवा मग सोडला. आता पलीकडच्या गावानं जाब द्यायचा. आपलं काम संपलं."

गोजराबाई शाल टाकून शिवेकडं पळत सुटली. मागोमाग धुळबा. "आगं, पळतीस कशाला? समदं जपून ठिवलंया!"

शिवेच्या दगडाला लागून एक पाटी पालथी घातलेली होती. वर दगड. धुळबानं दगड बाजूला केला आणि दोन्ही हातांनी अलगद पाटी उचलली.

खाली कुसाजीच्या उजव्या वहाणेचा ठसा होता. टाचेला चंद्रकोर. धुळीचा एक कणसुद्धा हलला नव्हता.