निमलीची गोल विहीर

एकदा काय झालं, सिंधू नदी नगर सोडून लांब निघून गेली.

त्या नगरात राजा नव्हता, बरं का! सिंहासन नाही, शिपाई नाहीत. पण घरं कशी? पक्क्या भाजलेल्या विटांची. घरोघरी न्हाणी, गल्लीगल्लीत झाकलेली गटारं, बायांच्या हातात शंखाच्या बांगड्या. सगळं होतं आणि प्यायला पाणी नाही!

मग लोकांनी विहीर खणली. चौकोनी खणली. पाणी लागायच्या आधीच दरड कोसळली. मग दुसरी खणली, आतून विटांनी बांधून काढली. तिच्या भिंती फुगल्या आणि धडाधड आत पडल्या. खालचे गडी कसेबसे दोर धरून वर आले.

नगरातला वडीलधारा, जाणता कोटार म्हणाला, "बास झालं. पुनवेला गाड्या जुंपा. नगर सोडायचं."

निमली विटा थापायची. तिची आई फार म्हातारी. आई म्हणाली, "निमले, तू जा. मला गाडीचे धक्के सोसायचे नाहीत. मी इथंच राहते."

निमली आईला सोडून कशी जाणार? ती तडक त्या पडक्या विहिरीत उतरली. मातीला कान लावला. आणि काय सांगू, माती बोलली!

"काय गं पोरी?"

"धरणीमाय, आमची भिंत का पाडतेस?"

"मी कुठं पाडते? मी नुसती टेकते, बाई. तुमच्या सरळ भिंतीला माझा भार पेलत नाही. एकमेकींना धरून राहतील अशा विटा कर."

निमली विचार करत वर आली. बघते तर गल्लीत पोरी खांद्याला खांदा लावून गोल उभ्या. एक दांडगा पोरगा बाहेरून ढकलतोय. तो जितका ढकली, तितक्या पोरी घट्ट!

"सापडलं!" निमली ओरडली.

मग तिनं नवा साचा केला. वीट एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला निमुळती. कोटार हसला. "अगं, असली वाकडी वीट भिंतीला लागते का?"

"सरळ भिंतीला नाही लागत, काका. गोलाला लागते."

विटा वाळल्या, भाजल्या, टणटण वाजू लागल्या. मग निमली चार गडी घेऊन त्याच पडक्या विहिरीत उतरली. थोडं खणायचं, विटांचा एक गोल बांधायचा. असं करत पुनव आली. वर गाड्या जुंपलेल्या. आणि धरणी टेकली. भुरभुर माती गळली. दुसऱ्यांदा टेकली. विटा करकरल्या. गडी भराभर वर चढले.

कोटार वरून ओरडला, "पोरी, वर ये! मरशील!"

निमली वर गेली नाही. तिनं भिंतीला पाठ लावली आणि म्हणाली, "टेक, माय! अजून टेक!"

धरणी तिसऱ्यांदा टेकली, पुरती टेकली. वीट विटेला भिडली, घट्ट बसली. एकही हलली नाही! निमलीनं कुदळ मारली आणि पायाशी झुळझुळ पाणी आलं. गार, गोड!

मग काय विचारता! ढोल वाजले. कोटारनं स्वतःच्या हातानं बैल सोडले. तो म्हणाला, "निमले, हरलो गं मी, आणि काय छान हरलो!" पहिला घडा निमलीनं आईच्या ओठांशी धरला. आई पोटभर प्यायली. मग माणसं प्यायली, गुरं प्यायली. गाड्यांवरची गाठोडी उतरली, चुली पेटल्या. पुढं निमलीनं गल्लोगल्ली विहिरी बांधल्या आणि सगळे सुखात राहिले.

झाली गोष्ट. आता पांघरूण घ्या आणि मिटा बघू डोळे.