धुरपताबाईच्या भिंती

टेंभरझरीच्या वेशीजवळ एक ठेंगणे घर आहे. ऊन पडले की त्याच्या भिंतींत पांढरे, निळे, तपकिरी ठिपके लुकलुकतात. हे ठिपके चिनी मातीच्या फुटक्या बरण्यांचे आणि कपबश्यांचे. गावातले सोमाजीबाबा पाहुण्याला आधी भिंतीवर हात ठेवायला लावतात, मगच गोष्ट सांगू लागतात.

फार पूर्वी गावाबाहेर चिनी मातीचा कारखाना होता. धुरपताबाई तिथे प्रत्येक बरणी बोटाने वाजवून पाही. बद्द आवाज आला की आत तडा आहे असे समजून ती बरणी तिनेच फोडायची. तुकड्यांचा ढीग म्हणे देवळाच्या कळसाला टेकला होता. अशात एका पावसाळ्यात नाल्याच्या पुराने तिचे मातीचे घर नेले. आणि लेक सगुणा पौषात पहिल्या बाळंतपणाला यायची होती. आपल्या घरात नातवंडाचे रडणे ऐकेपर्यंत गूळ तोंडात घालणार नाही, अशी धुरपताबाईने शपथ घेतली.

तिने कारखान्यातून तुकडे मागून आणले. उखळात कुटले, चाळले, चुन्यात कालवले, साच्यात घालून विटा पाडल्या आणि महिनाभर त्यांवर पाणी मारले. भिंती उभ्या राहिल्या, तसे गाव कुजबुजू लागले. फुटके भांडे घरात ठेवू नये, आणि हिने तर फुटक्याचेच घर बांधले.

सगुणेला कळा सुरू झाल्या. सुईण भिवराबाई आली ती उंबऱ्याशीच अडली. असल्या घरात बाळाला हात लावणार नाही, म्हणाली. आत लेक कण्हत होती. दुसरी सुईण चार कोसांवर.

धुरपताबाईने आवाज चढवला नाही. "माया भिंतीतला तुकडान् तुकडा भट्टीतून निंगला, भिवरे. तुया घरात असं तावून निंगलेलं काय हाय?"

"मी हाय ना," भिवराबाई म्हणाली. "माये सोताचे सात बाळंतपणं झाले."

आणि आपल्याच उत्तराला हसत तिने पदर खोचला व उंबरा ओलांडला.

त्या सकाळी रांजणातले पाणी हाताला चावत होते, पण भिंतींना भट्टीची ऊब होती, असे सांगतात. मुलगी झाली. भिवराबाईने स्वतःच्या हाताने धुरपताबाईला गूळ भरवला.

पुढे कारखाना बंद पडला. ढीगही उरला नाही, गावाच्या भिंतींत गेला. आजही टेंभरझरीत हातून कप निसटला तर कुणी कुणाला बोलत नाही. यंदा कुणाची लेक बाळंतपणाला यायची आहे, एवढेच विचारतात आणि तुकडे भिंतीत घालायला तिच्या माहेरी पोचवतात.