भिवराईच्या तीन वाट्या

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. उंबरकोंडाच्या नदीवर तेव्हा साधा साकवसुद्धा नव्हता. माणूस आजारी पडलं की त्याला पलीकडे न्यायला वाट नव्हती. पण कोंडाचं, त्या छोट्या वाडीचं, नशीब असं, की गुणाचे हात तीन होते. नरहरभट वैद्य नाडी बघत. धाकू हाडवैद्य मोडलेलं हाड डोळे मिटून जुळवी. आणि भिवरा सुईण. तिच्या हातावर आलेलं मूल रडल्यावाचून राहिलं नाही, असं म्हणतात.

तिघांचं आपसांत बोलणं मात्र नव्हतं. कोंडाची समजूतच अशी, की औषध सांगितलं की त्याचा गुण उतरतो. म्हणून वैद्य पुडी उपरण्याखाली आणत, धाकू कमरेच्या बटव्यात, भिवरा पदराआड. एक पुढच्या दाराने आला की दुसरा मागच्या दाराने निघून जाई. वाटेत गाठ पडलीच तर धाकू म्हणे, "वैद्यबुवा, नाडीत मोडलेला पाय दिसतो का हो?" वैद्य उपरणं सावरून पुढे चालू लागत. भिवरा हसे नि म्हणे, "बुवांचं औषध म्हणजे मांजराची पिल्लं. आज या कोपऱ्यात, उद्या त्या. दिसायची नाहीत कुणाला."

"आणि तुझं गो?" धाकू विचारी.

"माझं? माझं माझ्याबरोबर चितेवर जाईल."

हे बोलणं तिला पुढे जन्मभर पुरलं.

तिला एकच लेक, आवडी. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आठवा महिना. एके सकाळी ती विहिरीच्या पायरीवरून घसरली नि पाय मोडला. धाकू धावत आला. त्याने पाय जुळवला, बांबूच्या कामट्या बांधल्या, आणि कळ थांबावी म्हणून बटव्यातलं काहीतरी वाटीत कालवून पाजलं नि गेला. दुपारी अंग तापलं, पोर तळमळायला लागली, तेव्हा भिवराने कधी नव्हे ते वैद्यांना बोलावणं धाडलं. ते पुढच्या दाराने आले. ती रीतीप्रमाणे मागच्या दारी जाऊन उभी राहिली. आत वाटी वाजलेली तिने ऐकली. काय दिलं हे विचारायचं तिच्या ओठांवर आलं होतं, असं म्हणतात. तिने विचारलं नाही. गुण उतरला असता. मग उन्हं कलताना आवडीला अवेळी कळा सुरू झाल्या, म्हणून भिवराने आपलं औषध तिसऱ्या वाटीत दिलं.

आवडीला शांत झोप लागली. आईला बरं वाटलं. दिवेलागणीला तिने हाक मारली, तेव्हा लेक उठली नाही. पोटातलंही हललं नाही.

तिसऱ्या दिवशी वाट्या घासायला घेतल्या, तेव्हा भिवराने एकेक नाकाशी नेली. तिन्ही वाट्यांना एकच वास होता, अफूच्या बोंडांचा. तिघांनी आपापल्या परीने बेतानंच दिलं होतं. तिघांचंही बरोबर होतं.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. बायका घाटावर जात नसत, पण भिवरा गेली. कावळा शिवेना. जावई म्हणाला, "दुसरं लग्न करणार नाही." कावळा शिवेना. भावकी म्हणाली, "तुझ्या आयशीला आम्ही बघू, बाय." कावळा उंबराच्या फांदीवरून हलला नाही. ऊन डोक्यावर आलं. तेव्हा भिवरा उठली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "आवडे, मी तुला अफू दिली."

कावळा खाली उतरला आणि लांब बसून राहिला.

भिवरा त्या दोघांकडे वळली. "आता तुम्ही बोला."

धाकूची मान खाली गेली. "मीही तीच दिली, आवडे." कावळा दोन उड्या जवळ आला. नरहरभटांनी उभ्या आयुष्यात औषधाचं नाव कुणाला सांगितलं नव्हतं. ते ओल्या वाळूत पिंडासमोर बसले आणि म्हणाले, "मीही."

कावळा शिवला. तेवढा वेळ नदी वाहायची थांबली होती, असं म्हणतात. लेक सुटली. आई सुटली नाही.

त्यानंतर कुठल्याही घरात कुणी आजारी पडलं, की भिवरा त्या तीन वाट्या घेऊन उंबऱ्यावर जाऊन बसे आणि औषध आणणाऱ्याला अडवी. "काय देतोस? किती? ते मला नको सांगू, त्या दुसऱ्या देणाऱ्याला सांग." लोकांनी आधी शिव्या घातल्या, चेटकीण म्हटलं. ती उठली नाही. मग वैद्य आणि धाकू एका घोंगडीवर बसायला लागले. पाय कधी टेकवायचा ते धाकू सांगे, त्याप्रमाणे वैद्य काढा बदलत. "पोटुशीला हे सोसेल का गो?" असं दोघंही भिवराला विचारत. पटकीच्या साथीत आसपासची गावं ओस पडली, पण उंबरकोंडात एकाही घरात रडणं उठलं नाही, असं म्हणतात. माणसं तिच्या पाया पडायला आली. तिने सगळ्यांच्या तोंडांवरून नजर फिरवली आणि म्हणाली, "ह्यात माझी कुठं आहे?"

ती शेवटची आजारी पडली, तेव्हा दोघे म्हातारे एकाच दाराने आत आले.

"भिवरे, मी काही दिलेलं नाही. देण्यासारखं उरलं नाही," वैद्य म्हणाले.

"मीही नाही दिलं गो," धाकू म्हणाला.

"बघा," ती म्हणाली, "किती सोपं होतं."

तिच्या दहाव्याला कावळा शिवला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करावा लागला.

आता नदीवर पूल आहे, कोंडात दवाखाना आहे. तिथे कुणी नवं रुजू झालं, की म्हाताऱ्या बायका आधी त्याला घाटावर नेऊन तिथे जपून ठेवलेल्या त्या तीन वाट्या दाखवतात. भिवराईच्या तिथीला तिथे भाताचा घास ठेवतात. डॉक्टर, नर्स, आशाताई, मालिशवाला, जो जो आजाऱ्याला हात लावतो तो रांगेत उभा राहतो आणि शेजारच्याला मोठ्याने सांगतो, वर्षभरात काय द्यायचं चुकलं, काय विचारायचं राहिलं. उंबरावर कावळा बसलेला असतो. आजवर तो एकदाही खाली उतरलेला नाही, असं म्हणतात. ऊन डोक्यावर येतं. मग मागून कुणीतरी म्हातारी विचारते, "कुणाचं सांगायचं राहिलंय रे?"

आणि सगळे एकमेकांकडे बघतात.