आंबट पाण्याचा दिवा

राजा गजसेनाच्या अंगरख्याला नासक्या दह्याचा वास येऊ लागला! भर दरबारात प्रधानजी नाक दाबून मुजरा करायला लागले, तसा राजा कडाडला, "परटांना बोलवा!"

घाटावरचे परीट आले. पुढे म्हातारा रखमाजी, मान खाली घातलेला. शेजारी त्याची लेक हौसा, ती मात्र ताठ.

"अंगरखा कशात धुतलास रे?"

बाप तोंड उघडायच्या आत हौसाच म्हणाली, "ओढ्यात धुतला, महाराज. आणि ओढ्यात वरून तुमच्याच श्रीखंडाच्या कारखान्याचं पाणी येतं. चक्का टांगला की जे आंबट पाणी गळतं, ते सगळं खाली सोडतात. मासे मेले. म्हशी तोंड लावत नाहीत. आम्ही कपडे धुतो की दह्यात घोळतो, आमचं आम्हालाच कळत नाही!"

राजाचं श्रीखंड दूरदूरच्या राज्यांत जाई. त्याला कुणी नावं ठेवलेली राजाला कशी खपावीत?

"कारखाना एक दिवससुद्धा बंद होणार नाही! पाणी तुला खुपतं ना? मग तूच स्वच्छ कर. दुसरीकडे ओतायचं नाही, नदीचं पाणी मिसळायचं नाही. आणि त्यातली घाण..." राजाने मिशीला पीळ दिला. "त्या घाणीचा दिवा लाव! तेल नाही, तूप नाही. दिवाळीला दिवा लागला नाही, तर सगळ्या परटांनी घाट सोडायचा!"

बाहेर येताच रखमाजीने कपाळाला हात लावला. "पोरी, पाण्याचा दिवा कधी लागलाय का?"

"लागलाय की, आबा! घाटामागच्या डबक्यात बुडबुडे येतात ना? तुम्ही चिलीम पेटवायला वाकलात, तेव्हा पाण्यावरून निळी ज्योत पळाली होती."

"अगं, भूत होतं ते!"

"मग त्या भुतालाच कामाला लावू," हौसा म्हणाली.

कारखान्यातल्या भट्टीच्या भिंतीलगत, उबेला, तिने एक भला मोठा रांजण पुरला. त्यात डबक्याच्या तळाचा काळा गाळ आणि शेण कालवून घातलं. झाकण मातीने लिंपलं, वारा म्हणून आत शिरू दिला नाही. मग तान्ह्या बाळाला भरवावं तसं आंबट पाणी थोडं थोडं पाजू लागली. हळूहळू रांजण गुरगुरायला लागला. हौसाला वाटलं, जमलं!

दसऱ्याच्या सकाळी ती येऊन बघते तर काय! रांजण आतून लख्ख, गळ्यात झेंडूची माळ!

कारखान्याचे कारभारी अप्पाजी कौतुकाने म्हणाले, "काल खंडेनवमी ना! सगळी भांडी घासून पुजायची आपली रीत. तुझा रांजण फारच मळला होता गं. चौघांनी राखेने घासला!"

हौसाला रडू आवरेना. "अप्पाजी, विरजणाची वाटी घासून पालथी घातलीत, तर उद्या दही कशाने लावाल?"

अप्पाजींचा चेहरा पडला. "अरे देवा! तो गाळ म्हणजे विरजण होतं?"

"विरजणच! घाण खाणारं."

पुन्हा गाळ आणला, पुन्हा शेण कालवलं. पण दिवाळी तोंडावर आलेली, आणि पाणी काढावं तर त्याबरोबर गाळही वाहून जाई. विरजण वाढायचं कसं? हौसा डोक्याला हात लावून बसली. समोर चक्क्याची गाठोडी टांगलेली होती, टप टप गळत होती. ती टुणकन उठली!

तिने वेताची चौकट केली, तिच्यावर घट्ट विणीचं कापड शिवलं आणि आतून नळी काढून चौकट रांजणात बुडवली. आता पाणी यायचं ते कापडातून गाळूनच.

"हे काय नवीन?" अप्पाजींनी विचारलं.

"तुमचीच रीत! फडक्यात चक्का राहतो, पाणी गळतं. फक्त माझा चक्का काळा आहे."

"आणि कापड बुजलं तर?"

"खालून बुडबुडे येतात, ते घासतात त्याला. घरबसल्या परीट मिळालाय!"

दिवाळीला राजा लवाजम्यासह कारखान्यात हजर झाला. सगळे परीट कुटुंबकबिल्यासह दारात उभे, बांधाबांध करायची की नाही हे ऐकायला.

हौसाने नळीखाली परात धरली. नितळ पाणी! राजाने वास घेतला. आंबटपणाचा मागमूस नाही.

"पिऊन दाखव!"

"प्यायचं नव्हे, महाराज, धुवायचं. आम्ही परीट आहोत."

मग तिने झाकणावर बुडबुड्यांची हवा सोडायला बसवलेल्या तांब्याच्या तोटीशी पेटता काकडा नेला. भक्! निळी ज्योत डुलू लागली. परटांनी एकच गिल्ला केला.

पण हार मानेल तो राजा कसला? "थांबा! मी घाणीचा दिवा मागितला होता. मला ज्योत दिसते, घाण कुठे दिसते? ज्योतीत घाण दाखव, नाहीतर घाट सोड!"

रखमाजी बांधाबांध करायला वळला.

हौसाने हात जोडले. "दाखवते, महाराज. पण आधी सांगा, सकाळी फराळाला काय घेतलंत?"

"श्रीखंड-पुरी! वाडगाभर श्रीखंड!"

"मग तेवढं दाखवा."

"काय दाखवू?"

"श्रीखंड. तुम्ही वाडगाभर श्रीखंड दाखवा, मी घाण दाखवते."

"अगं वेडे, ते पोटात गेलं! त्याच्याच जोरावर तर एवढा ओरडतोय!"

"ह्या रांजणालाही पोट आहे, महाराज. चक्का तुम्ही खाल्लात, पाणी ह्यानं प्यायलं. तुमच्या श्रीखंडाची झाली गर्जना, ह्याच्या घाणीची झाली ज्योत. फरक एवढाच, की ह्याच्यावर दूध तरी तापतं!"

प्रधानजींनी डोळे घट्ट मिटून घेतले. राजा लालबुंद झाला, गाल फुगले, आणि मग तो असा हसत सुटला की पोट धरून रांजणाशेजारीच बसला!

"जिंकलीस, पोरी! घाट परटांचा, पिढ्यान्‌पिढ्या! कारखान्यात असे रांजण रांगेने पुरा, आणि त्यांची कारभारीण हौसा! अप्पाजी, ह्या ज्योतीवर दूध तापवा, केशर घाला. पहिला पेला हिला, दुसरा मला. आणि दूध तापेपर्यंत," राजा डोळे पुसत म्हणाला, "मी ओरडणार नाही!"