राखलेला डाव

"मग ही पेटी ठेवायची तरी कशाला, वस्ताद?"

भरतेश मगदूमनं हे विचारलं तेव्हा ज्ञानू वस्ताद आखाड्यातली लाल माती उकरत होते. वय अठ्ठ्याहत्तर, पण हातातलं खोरं असं चाले की विशीतल्या गड्यानं लाजावं.

पेटी म्हणजे तालमीच्या कोपऱ्यातली पत्र्याची ट्रंक. आत बेचाळीस व्हिडिओ कॅसेटी, गावच्या जत्रेतल्या कुस्त्यांच्या. कमिटीला त्या कोपऱ्यात नवी मॅट ठेवायची होती. वस्तादांनी हो म्हटलं की पेटी उकिरड्यावर जाणार होती.

"बुरशी लागलीय, वास मारतोय. आणि सगळ्या कुस्त्या माझ्या घरच्या सर्व्हरवर आहेत. चार महिने खपून एकेक उतरवलीय मी."

"घरच्या कशावर?"

"सर्व्हरवर. डबा असतो हो एक. त्यात सगळं साठवायचं आणि घरच्या ब्रॉडबँडला जोडायचं. मग आपली पोरं कुठंही असोत, मोबाईलवर कुस्ती बघतात. सदाशिव पुण्यात फौजदार झालाय, तो रोज बघतो. भाड्याची जागा नाही, कुठल्या कंपनीची मेहरबानी नाही. माझं घर, माझा डबा!"

हे बोलताना भरतेशची छाती फुगली, आणि ती उगाच फुगली नव्हती. एकोणिसाव्या वर्षी गुडघा निखळला आणि त्याची कुस्ती सुटली. दुसरा असता तर तालमीच्या दारावरून जायचं सोडलं असतं. हा साखर कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायला लागला आणि मनाशी म्हणाला, खेळता येत नाही तर नाही, कुस्ती जपता तर येईल.

पण गड्याची जीभ एकदा सुटली की लगाम नाही.

"राग मानू नका, वस्ताद. तुम्हा वस्ताद मंडळींची एक खोड. नव्व्याण्णव डाव शिकवायचे आणि शेवटचा राखून ठेवायचा. असे किती डाव वस्तादांबरोबर मातीत गेले! मी काही राखत नाही. सगळं खुलं."

आखाड्यातल्या पोरांचे दंड-बैठका थांबल्या. वस्तादांना असं कुणी बोलत नसे.

वस्ताद हसले नाहीत, रागावलेही नाहीत. खोरं भिंतीला टेकवलं आणि हात झाडले.

"चल. दाखव."

भरतेशच्या घरी टीव्हीशेजारच्या शोकेसवर डबा बसला होता. हिरवा दिवा लुकलुकत होता.

"कवा बंद पडलाय?"

"तीन वर्षांत एकदाही नाही. लाईट गेली तर इन्व्हर्टर आहे. ब्रॉडबँडवाले आपल्या लाईनचा पत्ता मनाला येईल तसा बदलतात, त्याचाही बंदोबस्त केलाय. पत्ता बदलला तरी पोरं बरोबर येऊन पोचतात."

"कवाच पडला न्हाई?"

"कधीच नाही."

"मग उठायचं कसं, ते ठाव न्हाई त्याला."

ज्ञानू वस्तादांच्या तालमीत नव्या पोराला पहिला महिना फक्त पडायला शिकवत. भरतेशनंही तो महिना काढला होता, रडत रडत.

"पडायचा प्रश्नच नाही. आत दोन डिस्क आहेत. एक गेली तर दुसरीवर तेच सगळं आहे."

"दुसरी कुठाय?"

"याच डब्यात."

"आन् आनखी?"

"आणखी कशाला?"

वस्तादांनी धोतराचा सोगा खोचला. मागच्या वायरी उपटल्या. डबा काखेत मारला.

"अहो वस्ताद! काय करताय?"

"म्या चोर."

"आँ?"

"चोर आला, डबा ग्येला. आता दाव कुस्ती."

भरतेशच्या खिशातला मोबाईल वाजला. सदाशिवचा निरोप होता : सर्व्हर बंद आहे का रे?

"पेटी पाडव्यापतूर हलनार न्हाई, कमिटीला म्या सांगतो. आन् चोर माल परत देत नसतो." वस्ताद उंबऱ्यात थांबले. "पडलास न्हवं? ऊठ आता."

आणि गेले. भरतेशची आई स्वयंपाकघरातून चहा घेऊन बाहेर आली.

"गेले पण? आणि आपला डबा रे?"

"चोरीला गेला."

"कुणी नेला?"

"वस्तादांनी."

आईनं तो चहा स्वतःच पिऊन टाकला. लेकाचं डोकं फिरलंय की वस्तादांचं, हे तिला काही ठरवता येईना.

पहिले दोन दिवस भरतेश नुसता जळत होता. म्हातारपणी माणसाला काय सुचेल नेम नाही, असं कारखान्यात चारचौघांत बोलून दाखवलं. तिसऱ्या दिवशी पहाटे उठला, तालमीत गेला, वस्तादांकडं न बघता पेटी उघडली आणि पहिल्या दहा कॅसेटी पिशवीत भरल्या. पाडव्याला नऊ आठवडे होते. गेल्या वेळी चार महिने लागले होते. बघू, म्हणाला, कोण पडतंय ते.

जयसिंगपूरच्या लग्नाच्या शूटिंगवाल्याकडून कॅसेट चालवायचं यंत्र पुन्हा मागून आणलं. जुन्या सामानातून नवा डबा जुळवला. कॅसेट उघडायची, कापसानं बुरशी पुसायची, तीन तास ती चालू द्यायची. कामावर जाण्याआधी एक, आल्यावर एक. आधीच सडत आलेल्या फिती दुसऱ्यांदा चालवताना तुटत होत्या. तुटली की चिकटवायची, पुन्हा चालवायची. बोटांची सालं निघाली. आई म्हणाली, "पुरे की रे आता." तो म्हणाला, "नाही."

सातव्या आठवड्यात पोरांना पुन्हा कुस्त्या दिसायला लागल्या. सदाशिवचा निरोप आला : चालू झाला! भरतेश घरात एकटाच मांडीवर थाप मारून उभा राहिला.

शेवटी राहिली सतरा नंबरची कॅसेट. ती उघडली. फितीचे सगळे वेढे एकमेकांना चिकटून दगड झाले होते. सोडवायला गेला तर भुगा हातात आला.

त्या कॅसेटवर पिराजी होता.

पिराजी वस्तादांचा थोरला. त्या जत्रेत त्यानं आपल्या दीडपट वजनाच्या गड्याला घिस्सा डाव मारून चीत केलं. पुढं चार महिन्यांत ट्रॅक्टर उलटून गेला. वस्तादांजवळ त्याचा एक शाळेतला फोटो होता. हलता, चालता, लढता पिराजी या जगात सातच मिनिटं उरला होता.

भरतेशनं ती सात मिनिटं वस्तादांना एकदा मोबाईलवर दाखवली होती. वस्ताद शेवटपर्यंत बघत राहिले आणि एवढंच म्हणाले, "उजवा पाय उशिरा उचलला ह्येनं." दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी दारात हजर. "जरा ते दाव बघू पुन्हा. पायाचं बघायचंय."

पाडव्याच्या आदल्या दिवशी भरतेश तालमीत गेला. हातात पिशवी, मान खाली.

"एकेचाळीस झाल्या, वस्ताद."

"ऱ्हायलं कोन?"

भरतेशनं पिशवीतून सतरा नंबरची कॅसेट काढून पुढं ठेवली.

"पिराजी," वस्तादच म्हणाले.

"कॅसेट गेली. मी खूप केलं, वस्ताद, पण गेली ती. आता पिराजीदादा तुम्ही नेलेल्या डब्यातच आहे, दुसरीकडं कुठंच नाही. नेताना तुम्हाला ठाऊक नव्हतं का, तो त्यात आहे?"

"ठाव हुतं."

"पाया पडतो तुमच्या. तो डबा मोडला नसेल, टाकला नसेल, तर द्या. मला मोठेपणा नको. पेटी राहू दे, मॅट गेली खड्ड्यात. तेवढा डबा द्या."

वस्ताद उठले. मारुतीच्या कोनाड्यापाशी गेले. तेलाच्या डब्यामागून जुन्या फेट्यात बांधलेलं गाठोडं काढलं आणि त्याच्यापुढं ठेवलं.

"बघ. ऊठतोय का."

भरतेशला गाठ सुटेना, ती वस्तादांनी सोडली. भरतेशनं पिशवीतल्या वायरी लावल्या. दिवा लाल झाला, विझला, पुन्हा लाल झाला... आणि हिरवा झाला.

पिशवीतला लॅपटॉप जोडून त्यानं कुस्ती लावली. आखाड्यातली पोरं गोळा झाली. पिराजीनं मातीला हात लावून कपाळाला लावला, शड्डू ठोकला. सातव्या मिनिटाला समोरचा गडी आभाळ बघत पडला. वस्तादांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

"पाय उशिराच उचललाय," ते म्हणाले.

भरतेशनं पिराजीची कुस्ती उतरवून घेतली. दोनदा तपासली. मग खुशीत वायरी गुंडाळायला लागला.

"आता काही भीती नाही, वस्ताद. हा पण घरी नेतो. नवा आणि जुना, शोकेसवर दोन्ही शेजारी शेजारी ठेवतो."

वस्तादांनी डब्यावर हात ठेवला.

"चोर दोनी बी उचलील. ह्यो हितंच ऱ्हाईल."

"इथं? इथं ब्रॉडबँड कुठाय? इथं ठेवला तर कुणालाच दिसणार नाही."

"न का दिसंना."

"मग ठेवून उपयोग काय?"

वस्तादांनी डबा पुन्हा फेट्यात गुंडाळला. गाठ मारली, ओढून बघितली. कोनाड्यात तेलाच्या डब्यामागं सरकवला. मग खोरं उचललं आणि मातीत उतरले.

"वस्ताद हाय म्या, लेका... एक डाव राखनारच."